क्लिंगॉनांचे कपाळ : एका रूपबदलाची मीमांसा

दीर्घकाळ चालणाऱ्या आणि अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या कथामालेत विसंगती शिरणे स्वाभाविक असते. त्या विसंगतीशी कथामाला पुढे कशी वागते, हा मात्र समीक्षेचा विषय होऊ शकतो. काही कथामाला तिच्याकडे दुर्लक्ष करतात, काही तिची थट्टा करून मोकळ्या होतात, तर काही मागाहून एखादी घटना कल्पून तिचे कारण देतात. या तिन्ही मार्गांचा अवलंब एकाच विसंगतीच्या बाबतीत झाल्याचे उदाहरण विरळा. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथामालेतील क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीचे बदलते रूप हे असे एक उदाहरण आहे. या रूपबदलाची चर्चा बहुधा ‘तो कसा झाला?’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते. या प्रश्नाला कथामालेने २००५ मध्ये उत्तरही दिले. परंतु उत्तर मिळाले म्हणजे अर्थ मिळाला असे होत नाही. किंबहुना येथे उत्तराने मूळ कथेतील एक महत्त्वाचा अर्थ झाकून टाकला आहे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

१

जीन रॉडनबेरी यांच्या कल्पनेतून निर्माण झालेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९६९ पर्यंत तिचे ७९ भाग प्रसारित झाले. क्लिंगॉन प्रथम दिसतात ते २३ मार्च १९६७ रोजी प्रसारित झालेल्या ‘एरंड ऑफ मर्सी’ या भागात. त्याचे लेखन जीन कून यांचे होते, आणि कोर या क्लिंगॉन सेनानीची भूमिका जॉन कॉलिकोस यांनी केली होती. रंगभूषा अगदी साधी होती. गडद केलेली कातडी, जाड भुवया, दाढीमिशा आणि चकचकीत लष्करी पेहराव, एवढीच सामग्री तीत होती. ही रंगभूषा मंगोल सरदाराच्या, विशेषतः चंगीझखानाच्या धर्तीवर करण्याची सूचना आपली होती, असे कॉलिकोस यांनी नंतर सांगितले आहे. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी ती सूचना स्वीकारली. कपाळ मात्र मानवी कपाळासारखेच सपाट राहिले.

हा साधेपणा मुख्यतः साप्ताहिक मालिकेच्या तुटपुंज्या वेळेचा आणि पैशाचा परिणाम होता, हे निर्विवाद आहे. परंतु निर्मितीचे कारण आणि कलाकृतीतील कार्य या दोन भिन्न गोष्टी होत. या भागाचे कथानक पाहिले म्हणजे सपाट कपाळाने तेथे कोणते कार्य केले आहे ते ध्यानात येते. ऑर्गेनिया या ग्रहावर पृथ्वीच्या बाजूचा कप्तान कर्क आणि क्लिंगॉन सेनानी कोर समोरासमोर येतात. ग्रहावरचे निरुपद्रवी, मागासलेले वाटणारे लोक वस्तुतः शुद्ध ऊर्जारूप असून पाहुण्यांच्या सोयीसाठी त्यांनी मानवी देह धारण केला आहे, हे अखेरीस उघड होते. ते दोन्ही सैन्यांची शस्त्रे निकामी करतात. तेव्हा कर्क आणि कोर एका सुरात तक्रार करू लागतात की, युद्ध करण्याचा आपला अधिकार यांनी हिरावून घेतला. शांततेचा पुरस्कर्ता म्हणून आलेला कर्क आपल्या तोंडून काय निघाले हे जाणवून ओशाळतो. हे दोन शत्रू पुढे मित्र होतील, असे भाकीतही ऑर्गेनियन वर्तवतात.

शीतयुद्ध आणि व्हिएतनामचे युद्ध चालू असताना लिहिलेल्या या कथेचे मर्म शत्रूच्या आपल्याशी असलेल्या साम्यात आहे. कोरचा चेहरा कर्कच्या चेहऱ्याहून फारसा निराळा नसणे या मर्माला पोषकच ठरते. रंगभूषेच्या दारिद्र्यातून आलेले साम्य कथेने अर्थवान केले आहे. शिवाय, जिच्यात क्लिंगॉनांचा जन्म झाला त्या कथेनेच दिसणारा देह हा केवळ एक संकेत असू शकतो असे ऑर्गेनियनांच्या द्वारे सुचवून ठेवले आहे, हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला प्रसारित झालेल्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागात या साम्याचा निराळा उपयोग दिसतो. येथील क्लिंगॉनांची कातडी पूर्वीइतकी गडद नाही. म्हणजे पहिल्या मालिकेतही रूपाची एकवाक्यता नव्हती. या भागात डार्विन नावाचा क्लिंगॉन हेर मानव म्हणून वावरतो. त्याला ओळखतात ते ट्रिबल नावाचे केसाळ गोळ्यासारखे प्राणी, कारण क्लिंगॉन जवळ येताच ते किंचाळतात. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा भेद प्राण्याला कळतो, या विनोदाचा आधार ती दोन्ही शरीरे डोळ्यांना जवळपास सारखी दिसतात हाच आहे.

२

डिसेंबर १९७९ मध्ये या कथामालेचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. चार कोटी डॉलरांहून अधिक खर्चाच्या या चित्रपटात क्लिंगॉन क्षणभरच दिसतात, पण पूर्णपणे नव्या रूपात. नाकाच्या मुळापासून निघून डोक्यावरून मागे जाणारा, पाठीच्या कण्यासारखा हाडांचा कंगोरा आता त्यांच्या कपाळावर आला होता. रंगभूषा पुन्हा फ्रेड फिलिप्स यांचीच होती. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात हे कंगोरे अधिक सौम्य आणि व्यक्तिपरत्वे भिन्न झाले. त्याच चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने क्लिंगॉन भाषेचे व्याकरण रचले आणि १९८५ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत वर्फ हा क्लिंगॉन पृथ्वीच्या बाजूच्या यानावर अधिकारी म्हणून आला आणि ऑर्गेनियनांचे भाकीत खरे ठरले. मायकेल डॉर्न यांनी रंगवलेल्या या पात्राचे कपाळदेखील पहिल्या पर्वानंतर बदलले. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात सेनापती चँगच्या कपाळावरचे कंगोरे तर इतके पुसट आहेत की ते जेमतेम जाणवतात.

या सर्व काळात कथेतील कोणीही या बदलांविषयी अवाक्षर काढले नाही. क्लिंगॉन पहिल्यापासून असेच होते, पूर्वी ते तसे दाखवता येत नव्हते इतकेच, असे मत रॉडनबेरी यांच्या नावे सांगितले जाते. ही भूमिका पळवाटेची वाटण्याचा संभव आहे. परंतु नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ती पूर्णपणे समर्थनीय ठरते. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी वेषभूषा व रंगभूषा आहार्यात येतात. म्हणजे रंगभूषा ही अभिनयाची, म्हणून अर्थ पोहोचवण्याची एक रीत आहे. तिच्याकडे पात्राच्या शरीराची साक्ष म्हणून पाहण्याचे कारण नाही. रंगमंचावर शेजारी उभ्या असलेल्या पात्राला जवळचे बोलणे ऐकू येत नाही असे मानणे, ही नाट्यधर्मी होय. ते पात्र बहिरे आहे काय, असे प्रेक्षक विचारत नाही. त्याच न्यायाने १९६७ चे सपाट कपाळ ‘हा क्लिंगॉन आहे’ एवढेच सांगत होते आणि १९७९ चे कंगोरेही तेच सांगत होते. संकेत बदलला, संकेतित वस्तू बदलली नाही.

या संकेतव्यवस्थेची खरी कसोटी १९९४ मध्ये लागली. ‘डीप स्पेस नाइन’ या तिसऱ्या मालिकेतील ‘ब्लड ओथ’ या भागात कोर, कोलोथ आणि कँग हे पहिल्या मालिकेतील तीन क्लिंगॉन वृद्धावस्थेत पुन्हा अवतरले. कॉलिकोस, विल्यम कॅम्बेल आणि मायकेल अन्सारा या मूळ नटांनीच ते उभे केले. मात्र आता त्यांच्या कपाळांवर कंगोरे होते. नाव तेच, नट तोच आणि कपाळ मात्र निराळे. तरीही कथेचा रसभंग होत नाही. तीन म्हाताऱ्या योद्ध्यांनी जुनी शपथ पुरी करण्यासाठी मरण पत्करावे, या कथेत प्रेक्षकाला त्यांच्या कपाळाची आठवणही राहत नाही. नाट्यधर्मी समर्थ असली म्हणजे स्पष्टीकरणाची गरज किती कमी भासते, याचा हा उत्तम दाखला होय.

३

परिस्थिती पालटली ती ४ नोव्हेंबर १९९६ रोजी. कथामालेच्या तिसाव्या वर्षानिमित्त प्रसारित झालेल्या ‘ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स’ या भागात ‘डीप स्पेस नाइन’मधील पात्रे कालप्रवास करून १९६७ च्या ट्रिबल-कथेत जाऊन पोहोचतात. जुन्या चित्रफितीत नव्या नटांना तंत्राने बसवण्यात आले होते. त्यामुळे कंगोरेधारी वर्फ आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन एकाच जागी, एकाच वेळी दिसू लागले. वर्फच्या सोबत्यांनाही हा फरक दिसतो. हा जनुकीय प्रयोगाचा परिणाम की विषाणूचा, असे तर्क ते करू लागतात. तेव्हा वर्फ अवघडल्या स्वरात सांगतो की, या गोष्टीची वाच्यता आम्ही बाहेरच्यांपाशी करीत नाही.

हे उत्तर विनोदासाठी लिहिलेले असले तरी त्याचे परिणाम गंभीर आहेत. पात्रांनी फरक पाहिला, त्यावर प्रश्न विचारला, आणि वर्फने तो नाकारला नाही. त्या क्षणी सपाट कपाळ आहार्याच्या कक्षेतून बाहेर पडून कथेतील वस्तुस्थिती बनले. मीमांसकांच्या अर्थापत्तीचा येथे उपयोग होतो. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही असे कळले तर तो रात्री जेवत असला पाहिजे असे मानावे लागते, कारण त्यावाचून दोन प्रमाणित गोष्टींचा मेळ बसत नाही. पण यासाठी दोन्ही गोष्टी प्रमाणित असाव्या लागतात. देवदत्त धष्टपुष्ट दिसतो तो अंगरखा जाड असल्यामुळे, असे असेल तर रात्रीच्या जेवणाची कल्पना अनावश्यक ठरते. १९९६ पूर्वी सपाट कपाळ हा अंगरखा होता. १९९६ नंतर ते अंग झाले. आता अदृष्ट कारणाची कल्पना करणे भाग होते.

असे असूनही वर्फचे मौन हे या प्रश्नाचे कलादृष्ट्या सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. त्यातून कारण कळत नाही, परंतु क्लिंगॉनांविषयी काही कळते. ज्या समाजात प्रतिष्ठा हेच सर्वोच्च मूल्य मानले जाते, त्याच्या इतिहासात काही लज्जास्पद घडले आहे आणि तो समाज ती लाज परक्यांपासून जपतो, हे त्या एका वाक्यातून व्यक्त होते. एक तांत्रिक विसंगती अशा रीतीने स्वभावचित्रणाचे साधन झाली आहे.

४

२००१ मध्ये सुरू झालेल्या ‘एंटरप्राइज’ या मालिकेची कथा कर्कच्या सुमारे शंभर वर्षे आधी घडते. तिच्या पहिल्याच भागात कंगोरेधारी क्लिंगॉन दिसले. त्यामुळे कोड्याला नेमका आकार आला : आधी कंगोरे, कर्कच्या काळात सपाट कपाळ, आणि नंतर पुन्हा कंगोरे. या कोड्याची उकल फेब्रुवारी २००५ मध्ये ‘अफ्लिक्शन’ आणि ‘डायव्हर्जन्स’ या जोडभागांत करण्यात आली. मालिका बंद होणार हे तेव्हा जाहीर झाले होते.

ही उकल थोडक्यात अशी. मानव जनुकीय उपायांनी महाबलाढ्य सैनिक घडवत आहेत अशा भीतीने क्लिंगॉन तशाच मानवी गर्भांची जनुकद्रव्ये मिळवून आपल्या सैनिकांवर प्रयोग करतात. सैनिक बलवान होतात, पण त्यांचे कंगोरे विरघळून कपाळ मानवासारखे होते. त्यांतील एकाला झालेल्या फ्लूच्या विषाणूशी ही जनुके मिसळतात आणि हवेतून पसरणारी साथ सुरू होते. अंताक हा क्लिंगॉन वैद्य आणि बळाने पळवून आणलेला फ्लॉक्स हा वैद्य साथीवर इलाज शोधतात. प्राण वाचतात, पण लाखो क्लिंगॉनांचे कपाळ सपाट होते आणि ते संततीतही उतरणार असते.

या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. वर्फच्या सोबत्यांनी १९९६ मध्ये केलेले जनुक आणि विषाणू हे दोन्ही तर्क एकाच कारणात गुंफले आहेत. वर्फने झाकलेली लाज येथे सकारण होते, कारण शत्रूवर मात करण्यासाठी शत्रूचेच रक्त घेतले आणि त्यातून शत्रूचाच चेहरा पदरी आला. प्रयोगशाळेचा प्रमुख असलेल्या सेनापती क्वाघचा मुलगाही रूप गमावलेल्यांत आहे. तेथे ही शोकांतिका कुटुंबापर्यंत येऊन पोहोचते. केवळ हिशेब जुळवण्यासाठी लिहिलेली कथा इतकी सखोल होत नाही.

परंतु या उकलीसाठी एक किंमत मोजावी लागली आहे. १९६७ च्या कथेत क्लिंगॉनाचा मानवसदृश चेहरा हे साम्याचे चिन्ह होते. कर्कला कोरमध्ये आपले प्रतिबिंब दिसत होते आणि त्या दर्शनातच कथेचा नैतिक आघात होता. २००५ च्या उकलीनंतर तोच चेहरा रोगाचे चिन्ह ठरतो. कोर मानवासारखा दिसतो तो त्याच्या पूर्वजांना मानवी जनुकांची बाधा झाली म्हणून! आता शत्रूशी असलेले साम्य ही अपघाताने जडलेली विकृती झाली. क्लिंगॉन मूलतः निराळेच होते, असा दिलासा प्रेक्षकाला मिळतो आणि ऑर्गेनियावरची ती ओशाळवाणी घटका बोथट होते. विसंगती दूर झाली, पण तिच्याबरोबर जुन्या कथेचे टोकही गेले.

५

दुसरी किंमत याहून व्यापक आहे. क्लिंगॉनांचे १९६७ चे रूप कोठून आले, या प्रश्नाला एक कथाबाह्य उत्तरही आहे आणि ते सुखद नाही. गडद रंग आणि मंगोल सरदाराची ठेवण ही पाश्चात्त्य करमणुकीतील ‘पौर्वात्य आक्रमक’ या जुन्या साच्याची देणगी होती. कथांतर्गत कारण मिळाले की प्रेक्षक या कथाबाह्य कारणाकडे पाहीनासा होतो. विषाणूची गोष्ट ठाऊक झालेल्या पिढीला सपाट कपाळ हा जनुकशास्त्राचा विषय वाटतो. त्या कपाळाखालच्या चेहऱ्याला काळा रंग कोणी आणि कोणत्या समजुतीने फासला, हा प्रश्न तिला सुचेलच असे नाही. येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. २००५ ची उकल कपाळाचे कारण देते, रंगाचे देत नाही.

या संदर्भात भारतीय वाचकाला आणखी एक धागा दिसेल. ज्या जनुकद्रव्यांमुळे हे घडले ती, कथेनुसार, विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या सुप्रजनन युद्धांच्या काळातली आहेत. त्या युद्धांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे खान नूनियन सिंग. १६ फेब्रुवारी १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागात तो प्रथम आला. म्हणजे कोरच्या पाच आठवडे आधी. तो उत्तर भारतातील शीख असावा असे त्या कथेतील इतिहासज्ञ स्त्री सांगते. भूमिका केली होती मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्दो मोंताल्बान यांनी, कातडी गडद करून. म्हणजे एका गडद रंगभूषेच्या पात्रसमूहाचे कारण दुसऱ्या गडद रंगभूषेच्या पात्राच्या इतिहासात शोधले गेले. २०१३ च्या चित्रपटात खानची भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गौरवर्णीय ब्रिटिश नटाने केली, तेव्हा तोही रूपबदल खुलाशाची अपेक्षा करू लागला. त्याच वर्षी सुरू झालेल्या एका चित्रकथेत तो शस्त्रक्रियेने झाला असे सांगण्यात आले. हा खुलासा क्वचितच कोणाचे समाधान करील. भारतीय म्हणून कल्पिलेल्या पात्रासाठी भारतीय वंशाचा नट का निवडला गेला नाही, हा मूळ प्रश्न होता. शस्त्रक्रियेची कथा त्याला स्पर्शही करीत नाही. क्लिंगॉनांच्या उकलीत निदान एका समाजाची लाज व्यक्त झाली होती. खानच्या बाबतीत केवळ ठिगळ लावले गेले.

६

स्पष्टीकरणाने प्रश्न कायमचा मिटतो, हा समजही पुढील घटनांनी खोटा ठरवला. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ ही मालिका सुरू झाली. तिची कथा कर्कच्या कारकिर्दीच्या सुमारे दहा वर्षे आधीची, म्हणजे विषाणूच्या साथीनंतरची. तरीही नेव्हिल पेज व ग्लेन हेट्रिक यांनी घडवलेले तिच्यातील क्लिंगॉन लांबट कवटीचे, केशहीन आणि पूर्वी कधी न दिसलेल्या रूपाचे होते. २०१९ मधील दुसऱ्या पर्वात त्यांना केस आले. युद्धकाळात ते मुंडन करीत असत, असे सांगण्यात आले. २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, जवळजवळ त्याच कथाकाळात, वर्फच्या धर्तीचे जुने कंगोरे परतले, आणि त्याबद्दल कोणी काही सांगितले नाही. म्हणजे संकेत पुन्हा आहार्याच्या कक्षेत गेला.

‘डिस्कव्हरी’तील एका कथासूत्राची नोंद मात्र अवश्य केली पाहिजे. वोक नावाचा क्लिंगॉन भयंकर शस्त्रक्रियेने मानवी रूप धारण करतो आणि ज्याचे रूप घेतले त्या टायलर या मानवाच्या स्मृतीही त्याच्यात नांदू लागतात. आपण कोण, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. डार्विन या हेराची १९६७ मधील विनोदी युक्ती येथे व्यक्तित्वभंगाची वेदना झाली आहे. मानवी चेहऱ्याचा क्लिंगॉन म्हणजे काय, हा जुनाच प्रश्न या कथासूत्राने हाती घेतला. फक्त कपाळाच्या इतिहासाऐवजी एका व्यक्तीच्या अंतरंगात त्याचे उत्तर शोधले. म्हणूनच विषाणूच्या गोष्टीपेक्षा ते १९६७ च्या कथेला अधिक जवळचे आहे.

या सर्व विवेचनातून पूर्वलक्षी स्पष्टीकरणांच्या मूल्यमापनाचे एक तत्त्व हाती लागते. स्पष्टीकरण विसंगतीचा मेळ घालते की नाही, ही त्याची पहिली आणि सर्वांत सोपी कसोटी. त्याने पात्रांच्या जीवनात काही भर घातली की नाही, ही दुसरी. आणि जुन्या कथेने मिळवलेला अर्थ त्याने राखला की गमावला, ही तिसरी व सर्वांत अवघड. १९९४ च्या मौनाने मेळ घातला नाही, पण अर्थ राखला. वर्फच्या वाक्याने मेळ न घालताही भर घातली. २००५ च्या उकलीने मेळ घातला, भरही घातली, पण शत्रूच्या चेहऱ्यात आपला चेहरा दिसण्याचा जुना अर्थ गमावला. खानच्या शस्त्रक्रियेने केवळ मेळ घातला. विज्ञानकथेच्या समीक्षेने पहिल्या कसोटीवर थांबू नये. देवदत्त रात्री जेवतो हे कळल्याने त्याच्या धष्टपुष्टपणाचा उलगडा होतो. तो दिवसा उपाशी का राहतो, हे विचारायचे उरतेच.